पिवळ्या दिव्याचें निदान

मोटारीची किल्ली फिरविली कीं समोरच्या फळीवर पांच-सात दिवे एकदम लागतात आणि दोन-तीन क्षणांत मालवतात. त्यांतील एका पिवळ्या दिव्यावर ‘एबीएस’ हीं तीन अक्षरें असतात. हा दिवा लागून विझला तर कोणाचें लक्षहि जात नाहीं. परंतु लागला आणि विझलाच नाहीं, म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ‘गाडी थांबते ना? मग चालूं द्या.’ दुसरा म्हणतो, ‘ब्रेक गेले! आतां गाडी दारांतून हलवूं नका.’ दोन्ही पक्षांच्या बोलण्यांत थोडें तथ्य आहे, आणि त्या थोड्या तथ्यामुळेंच दोघेहि फसतात. म्हणून या महिन्याचें पान ह्या दिव्यास द्यावयाचें योजिलें आहे.

ही योजना कशासाठीं आहे तें आधीं पाहूं. वेगानें धांवणाऱ्या गाडीचा ब्रेक घाबरून करकचून दाबला तर चाक फिरावयाचें थांबतें. परंतु गाडी थांबत नाहीं. ओल्या फरशीवर सरकणाऱ्या पाटाप्रमाणें ती घसरत पुढें जाते. शिवाय अडकलेलें चाक स्टिअरिंगचें ऐकत नाहीं. पुढील बैलगाडीस चुकविण्यासाठीं आपण चक्र कितीहि वळविलें तरी गाडी सरळच जाते. रबर रस्त्याला सर्वांत घट्ट धरतें तें चाक अगदीं मोकळें असतां नव्हे आणि पूर्ण अडकलें असतांहि नव्हे. गाडीच्या वेगाच्या मानानें चाक शेंकडा दहा-वीस मंद फिरत असतें तेव्हां. हा मध्यबिंदु माणसाच्या पायाला साधत नाहीं. म्हणून चाकाजवळ त्याचा वेग मोजणारा सेन्सर बसवितात. चारी सेन्सरांची वार्ता एका नियंत्रक पेटीकडे जाते, आणि एखादें चाक अडकूं लागलें कीं ती पेटी त्या चाकाच्या ब्रेकमधील तेलाचा दाब झडपांच्या द्वारें क्षणभर रोखून धरते, सोडते, पुन्हां वाढविते. हें एका सेकंदांत अनेक वार घडतें. विमानांच्या चाकांसाठीं अशी योजना पूर्वींपासून होती. मोटारींत आज प्रचलित असलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपांत ती १९७८ सालीं जर्मनींतील बॉश कंपनीनें आणिली आणि मर्सिडीजच्या गाड्यांत ती बसली. आपल्या देशांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींस ती सक्तीची झाली; तेव्हां हा प्रश्न आतां केवळ बंगलेवाल्यांचा राहिलेला नाहीं.

येथें एक गोष्ट मधेंच सांगून टाकितों, कारण तिच्यावर जीव अवलंबून आहे. ही योजना काम करूं लागली म्हणजे ब्रेकचें पेडल पायाखालीं थरथरतें आणि इंजिनाच्या बाजूनें खडखडाट ऐकूं येतो. पुष्कळ जण, विशेषतः नुकतेच गाडी शिकलेले, हें काहींतरी मोडलें असें समजून पाय उचलतात; म्हणजे नेमक्या संकटाच्या क्षणीं ब्रेक सोडून देतात! ती थरथर हा बिघाड नव्हे. पाय तसाच दाबून ठेवावा आणि चक्र जिकडे जावयाचें तिकडे वळवावें. घरांत जे कोणी गाडी चालवितात, त्यांना एखाद्या पावसाळी सकाळीं ओसाड, मोकळ्या मैदानांत नेऊन, मागेंपुढें कोणी नाहीं असें पाहून, ताशी तीस किलोमीटरच्या वेगावरून एकदां जोरानें ब्रेक लावावयास सांगावें. पायाला ती थरथर एकदां ओळखीची झाली कीं पुढें भय वाटत नाहीं. मात्र सैल खडीवर ही योजना असतांहि गाडी थांबावयास अधिक अंतर लागूं शकतें, हें ध्यानांत असावें.

आतां दिव्यांचा अर्थ. पिवळा दिवा एकटाच लागून राहिला, तर ही विशेष योजना बंद आहे, पण साधा ब्रेक शाबूत आहे, असें समजावें. गाडी चालवितां येते. मात्र पुढील गाडीपासून दुप्पट अंतर ठेवावें, ओल्या रस्त्यावर आणि घाटांत वेग कमी ठेवावा, आणि दुरुस्ती दसरा-दिवाळीवर ढकलूं नये. लाल दिवा निराळा. हँडब्रेक ओढलेला असेल किंवा ब्रेक ऑइल कमी झालें असेल तर तो लागतो. हँडब्रेक पूर्ण सोडलेला असतांहि लाल आणि पिवळा दोन्ही एकदम लागले, तर पुढच्या व मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वांटून देणारी व्यवस्थाहि गेली असण्याचा संभव असतो. अशा वेळीं जोराचा ब्रेक लागतांच मागचीं चाकें आधीं अडकतात आणि गाडी गिरकी घेते. तेव्हां गाडी जागच्या जागीं ठेवून मिस्त्रीसच घरीं बोलवावें. तिसरी अवस्था सर्वांत फसवी. किल्ली फिरविली असतां पिवळा दिवा मुळींच लागत नाहीं! जुनी गाडी विकत घेतांना हें अवश्य पाहावें. दिवा दुरुस्त करण्यापेक्षां तो काढून टाकणें स्वस्त पडतें, हें ओळखणारे महाभाग या व्यवसायांत आहेत.

गॅरेजचा उंबरा चढण्यापूर्वीं घरच्या घरीं चार गोष्टी पाहतां येतात. ब्रेक ऑइलची पारदर्शक डबी उघडण्याची गरज नाहीं. तिच्यावरील किमान व कमाल ह्या दोन रेघांच्या मधें तेल आहे का, तेवढें बाहेरूनच पाहावें. तें खालीं गेलें असेल तर नुसतें वरून ओतून मोकळें होऊं नये. एकतर ब्रेकचे पॅड झिजले आहेत किंवा कोठेंतरी गळती आहे. बॅटरी दुबळी असेल तर नियंत्रक पेटीस पुरेसा दाब मिळत नाहीं आणि ती आपण होऊन कामांतून निवृत्त होते. पुष्कळ दिवस उभ्या असलेल्या गाडींत दिवा लागतो तो अनेकदां यामुळेंच. एबीएसचा फ्यूज जळला आहे का तें पाहावें, आणि जळला असेल तर त्याच अँपिअरचा नवा घालावा. पुन्हां जळला तर तिसरा घालूं नये. शेवटीं टायर. तीन चाकें एका मापाचीं आणि चौथी स्टेपनी निराळ्या मापाची असेल, तर लहान चाक अधिक वेगानें फिरतें, आणि पेटीला तें चाक खोटें बोलत आहे असें वाटतें.

एवढ्यानें उलगडा झाला नाहीं म्हणजे स्कॅनर लावावा लागतो. गाडीच्या फळीखालीं एक खोबण असते. तेथें यंत्र जोडलें कीं पेटीनें नोंदविलेले संकेतांक वाचतां येतात. बाजारांत मिळणारीं स्वस्त यंत्रें बहुधा इंजिनाचेच संकेतांक वाचतात. ब्रेकच्या संकेतांकांचें आद्याक्षर ‘सी’ असतें. तें वाचणारें यंत्र आहे का, हें आधीं विचारावें. सर्वसामान्य पद्धतींत सी००३५ हा पुढील डाव्या चाकाच्या सेन्सरच्या मंडलाचा, सी००४० हा पुढील उजव्याचा, सी००४५ मागील डाव्याचा आणि सी००५० मागील उजव्याचा. कंपनीपरत्वें ह्यांत फरक पडतो, म्हणून त्या गाडीचें पुस्तक पाहावें.

आतां ज्यासाठीं हा लेख लिहावयास घेतला तो मुद्दा. वर मीं ‘सेन्सरच्या मंडलाचा’ असें म्हटलें. ‘सेन्सरचा’ असें म्हटलें नाहीं. मंडलांत सेन्सर आला, त्याची तार आली, जोड आला, ज्या कड्याकडे पाहून सेन्सर वेग मोजतो तें कडें आलें, आणि शेवटीं पेटीहि आली. तर्कसंग्रह वाचलेल्यांस हें निराळें सांगावयास नको. धूर आहे तेथें अग्नि असतोच. परंतु अग्नि आहे तेथें धूर असेलच असें नाहीं, कारण धुरास ओलें सरपण लागतें, आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. त्याचप्रमाणें सेन्सर बिघडला तर हा संकेतांक येणार. परंतु संकेतांक आला म्हणून सेन्सरच बिघडला हें सिद्ध होत नाहीं. व्याप्ति एका बाजूनेंच आहे. ती उलटी धरल्यामुळें किती कुटुंबांचे पैसे जातात ह्याची गणती नाहीं.

आमच्या थोरल्या चिरंजीवांच्या गाडीचें उदाहरण घ्या. गेल्या वर्षीं ज्येष्ठांत पुढील डाव्या चाकाचें बेअरिंग घूं-घूं आवाज करूं लागलें म्हणून तें एका वर्कशॉपांत बदललें. दुसऱ्या दिवसापासून पिवळा दिवा. श्रावणांत सर्वांना कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास जावयाचें होतें. बरोबर आमच्या वयोवृद्ध वहिनी आणि दोन नातवंडें. संकेतांक निघाला पुढील डाव्या सेन्सरच्या मंडलाचा. वर्कशॉपनें सेन्सर बदलला, दिवा कायम. मग त्यांनीं निर्णय दिला कीं नियंत्रक पेटी व तिला जोडलेला पंप-झडपांचा संचच बदलावा लागेल. किंमत ऐकून सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, बेअरिंग बदलण्याच्या आधीं दिवा नव्हता ना?’ प्रश्न साधा होता, परंतु वर्कशॉपमधील एकाहि माणसाला तो सुचला नव्हता.

उत्तर मिळालें तें आमच्या आळीच्या कोपऱ्यावरील मिस्त्रींकडून. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत वेग मोजावयाचें कडें बेअरिंगच्या सीलमध्येंच असतें. तें दिसावयास साध्या काळ्या रबरासारखें गुळगुळीत. परंतु त्याच्यांत उत्तर व दक्षिण असे लहान लहान चुंबकीय ध्रुव आलटून पालटून भरलेले असतात. ती बाजू सेन्सरकडे यावयास पाहिजे. बेअरिंग उलटें दाबून बसविलें, तर चाक उत्तम फिरतें, आवाज येत नाहीं, परंतु सेन्सरसमोर साधा पत्रा येतो आणि त्याला कांहींच दिसत नाहीं. नवें बेअरिंग बसविण्यापूर्वीं लहानशी टांचणी दोन्ही बाजूंस हलकेच लावून पाहावी; जी बाजू तिला ओढते ती चुंबकाची. हें मिस्त्रींनीं आम्हांला नव्या बेअरिंगवर प्रत्यक्ष दाखविलें. उलटें बसविलेलें बेअरिंग दाबून काढलें कीं तें पुन्हां वापरावयाजोगें राहत नाहीं, म्हणून नवें घ्यावें लागलें. पेटी आणि पंप होते तेच आजहि आहेत.

हा प्रकार वगळला तर, माझ्या पाहण्यांत, दोष बहुधा चाकापाशींच सांपडतो. आणि तें स्वाभाविक आहे. पेटी कोरड्या जागीं सुखानें बसलेली असते. सेन्सर मात्र चिखल, पाणी, ब्रेकची धूळ, आणि कोंकणांत खारी हवा, हें सर्व सोसत असतो. जुन्या जातीचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोंवतीं तारेचें वेटोळें. समोर दांतेरी कडें फिरलें कीं त्यांत वीज उत्पन्न होते. त्याचें टोंक आणि दांते ह्यांच्यामधें सुमारें एक मिलिमीटरचें अंतर असतें. बैठकीखालीं गंज चढला म्हणजे सेन्सर वर उचलला जातो, अंतर वाढतें, आणि गाडी हळू चालत असतां वार्ता इतकी क्षीण होते कीं पेटीस ती ऐकूं येत नाहीं. अशा वेळीं सेन्सर काढून बैठक तारेच्या ब्रशनें घांसून स्वच्छ केली तर काम भागतें. घट्ट बसलेला सेन्सर पान्यानें ओढूं नये, तो मोडतोच.

ह्या जुन्या जातीची परीक्षा साध्या मल्टिमीटरनें होते. जोड सोडवून दोन टोंकांमधील रोध मोजावा. तो बहुतेक गाड्यांत एक हजार ओहमच्या आसपास, कांहींत दोन हजारांपर्यंत असतो. दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशीं ताडून पाहणें उत्तम. रोध अनंत आला तर आंतील तार तुटली आहे. नंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून, जॅकवर उचलून खालीं भक्कम टेकू दिलेल्या गाडीचें तें चाक सेकंदाला एक फेरा ह्या मानानें हातानें फिरवावें. व्होल्टाचा कांहीं दशांश तरी दिसला पाहिजे. नव्या जातीच्या सेन्सरला मात्र ही परीक्षा लावूं नये. त्यास पेटीकडून वीज पुरवावी लागते आणि तो सात व चौदा मिलिअँपिअर अशा दोन प्रवाहांच्या भाषेंत बोलतो. ओहम मोजून त्याचें कांहींच कळत नाहीं, उलट त्याला इजा होण्याचा संभव असतो. त्याची परीक्षा स्कॅनरवर चालत्या गाडींत करावी. मोकळ्या सरळ रस्त्यावर वीस किलोमीटरच्या वेगानें जातांना चारी चाकांचे वेग एकसारखे दिसले पाहिजेत. एखादें शून्य दाखवीत असेल किंवा दहाच्या खालीं येतांच एकदम नाहींसें होत असेल, तर तेंच चाक धरावें. चालविणारानें चालवावें आणि आंकडे शेजारच्यानें वाचावे, हें सांगणें अधिक वाटेल, पण सांगतों.

तारेकडेहि पाहावें. पुढच्या चाकांची तार प्रत्येक वळणावर चाकाबरोबर वांकते, आणि आठ-दहा वर्षांनीं वरचें आवरण शाबूत असतांहि आंतली तांब्याची तार तुटते. मीटर लावून तार हातानें हलवीत गेलें कीं रोध नाचूं लागतो, तेथेंच दोष. वाड्यांत किंवा झाडाखालीं गाडी उभी करणारांनीं उंदरांचीहि चौकशी करावी.

दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच जातीचे असले तर एक फार सोपी युक्ति आहे. डाव्याचा उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे लावावा, संकेतांक पुसावा आणि गाडी फिरवून आणावी. दोष सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर सेन्सर दोषी. जागच्या जागीं राहिला तर तार किंवा कडें. ह्याहून निर्मळ अन्वय-व्यतिरेक मीं तरी व्यवहारांत पाहिलेला नाहीं, आणि त्यास खर्च शून्य.

कधीं कधीं दिवा लागत नाहीं, तरीहि बिघाड असतो. गाडी अगदीं हळू थांबत असतां, कोरड्या रस्त्यावर, शेवटच्या दोन-चार हातांत पेडल थरथरतें. ह्याचें कारण बहुधा दांतेरी कड्यास गेलेली भेग. गंजानें कडें फुगतें व चिरतें. चिरेपाशीं दोन दांत्यांमधील अंतर वाढतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत एकदां पेटीला चाक अडकल्याचा भास होतो. ती बिचारी प्रामाणिकपणें ब्रेक सोडते, आणि गाडी सिग्नलवर अपेक्षेपेक्षां चार हात पुढें जाते. कडें पुष्कळ गाड्यांत स्वतंत्र मिळतें. कांहींत ॲक्सलच बदलावा लागतो.

चाक, कडें, तार आणि वीज हीं सर्व निर्दोष ठरलीं, मगच पेटीकडे वळावें. पेटी बदलावी लागलीच, तर नवी त्या गाडीच्या क्रमांकास जुळवून घ्यावी लागते. पंपाचा संच उघडला तर आंत शिरलेली हवा काढतांना स्कॅनरनें पंप व झडपा चालवाव्या लागतात; नुसतें पेडल दाबून ती निघत नाहीं. ही सोय ज्या गॅरेजांत नाहीं तेथें हें काम देऊं नये. तसेंच ब्रेक ऑइल हवेंतील ओल शोषून घेतें आणि त्या ओलीनें झडपा आंतून गंजतात. म्हणून पुष्कळ कंपन्या तें दर दोन वर्षांनीं बदलावयास सांगतात. डबीच्या झांकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असें जें लिहिलेलें असेल तेंच घालावें. दुसरें कोणतेंहि तेल चुकूनहि पडूं देऊं नये, आणि हें ऑइल रंगावर सांडलें तर लगेच पाण्यानें धुवावें.

काम झाल्यावर बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि बिलावर कोणता संकेतांक होता तें लिहवून घ्यावें. संकेतांक पुसल्यावरहि कांहीं गाड्यांत दिवा लगेच मालवत नाहीं. चाकें फिरून चारी सेन्सरांची वार्ता पेटीस पटली म्हणजे मालवतो, आणि त्यासाठीं वीस-पंचवीस किलोमीटरचा वेग गांठावा लागतो. तेव्हां गॅरेजच्या दारांतच मिस्त्रींशीं वाद घालीत न बसतां, त्यांनाच शेजारीं बसवून आळीच्या टोंकापर्यंत एक फेरी मारून यावी.